काय गाळायचं

“नाना, मुद्द्याला या,” मंजुषा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, आणि सहावीचा अख्खा वर्ग खो खो हसला.

नानाही हसले. टोपी सारखी करत म्हणाले, “येतो, येतो. मॅडम लय कडक हाय तुमची.”

नाना म्हणजे मंजुषाचे वडील. मखमलाबादला त्यांचा शेवंतीचा मळा. त्या शुक्रवारी ती त्यांना नाशिक रोडच्या आपल्या शाळेत वक्ते म्हणून घेऊन आली होती. आठवडाभर ती मुलांना एकच गोष्ट शिकवत होती. बोलणाऱ्याचं म्हणणं काय, ते एका वाक्यात लिहायचं. त्याखाली त्याने दिलेले आधार लिहायचे. बाकीचं गाळायचं. पहिल्याच दिवशी ललितने विचारलं होतं, “मॅडम, आधारची झेरॉक्स चालेल का?” तेव्हा तिने फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आधार म्हणजे पुरावा.’

नाना पुरावा हातात घेऊनच आले होते. आदल्या दिवशी सकाळी तोडलेली शेवंती, अजून ताठ. आणि त्याच दिवशी दुपारी तोडलेली, मान टाकलेली. फूल ऊन चढायच्या आत तोडावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण सरळ रस्त्याने बोलणं नानांना कधी जमलं नाही. फुलावरून ते बाजारात गेले आणि बाजारातच रमले. नेमका त्याच वेळी हेडसरांचा मेसेज आला, मुलांची माहिती दुपारच्या आत भरा. ती भरत बसली. घंटा झाली. तिने नानांना रिक्षात बसवलं आणि राहिलेली माहिती भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना शेवंतीच्या वाफ्यात खाली बसले, ते उठलेच नाहीत.

पुढचे तेरा दिवस नवसाबाई आत्या तिला एकच विचारत राहिली. “माझा भाऊ शेवटचं चारचौघांत बोलला, तो तुझ्या शाळेत. काय बोलला गं?”

“फुलांविषयी,” मंजुषा सांगायची.

“ते मला ठावं हाय. पर बोलला काय?”

मंजुषाला आठवायचं ते फक्त तिचं स्वतःचं वाक्य. त्यानंतर दहा मिनिटं तरी नाना बोलत होते. त्यातला एक शब्द तिच्यापाशी नव्हता.

ती शाळेत परत आली तेव्हा टेबलावर चौतीस वह्यांचा गठ्ठा होता. स्टाफरूममध्ये कोणी यायच्या आत तिने तो सोडला. पहिली वही. ‘वक्त्याचे म्हणणे: फुले ऊन वाढण्यापूर्वी तोडावीत. आधार: १) सकाळचे फूल दुसऱ्या दिवशीही ताजे राहते. २) दुपारचे फूल कोमेजते.’ दुसरी वही तशीच. तिसरीही. एकीत ‘कोमेजते’ला वेलांटी जास्त, एवढाच फरक. तेहेतीस मुलांनी तिने शिकवलं तसं, अगदी अचूक गाळलं होतं. कुठल्याच वहीत नाना नव्हते.

चौतिसावी वही सृष्टीची. तिच्यात म्हणणं नव्हतं, आधारही नव्हते. समासापासून समासापर्यंत गच्च तीन पानं होती, आणि चौथ्यावर थोडंसं. मंजुषाने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि वही मिटून छातीशी धरली. एकटीने वाचायचं तिला धाडस होईना.

तास सुरू झाल्यावर तिने हाक मारली, “सृष्टी, ऊठ. तुझी वही घे.”

सृष्टी उठली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. “मॅडम, मला ना काय गाळायचं तेच कळेना.”

“काही गाळू नकोस. सगळं वाच.”

सृष्टीने वही तोंडासमोर धरली. पहिलं पान फुलांचं झालं, दुसरं बाजाराचं. मग तिचा आवाज जरा बारीक झाला. “मॅडम म्हणाल्या, मुद्द्याला या. आम्ही हसलो. आजोबा पण हसले. आजोबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम मोबाइल बघत होत्या. मग आजोबा हळू बोलायला लागले. म्हणाले, तुमची मॅडम एवढीशी होती ना, तवा सकाळी उठली का डोळे चोळत बांधावर यायची. रात्री पडलेलं सपान सांगायची. आता सपनाला काय मुद्दा असतो का? मी आपला फुलं तोडत हूं हूं करायचो. एक दिवस म्हणली, नाना, तुम्ही ऐकतच नाय. अन् रडली. त्या दिवसापून ती बोलायला लागली का मी हात थांबवायचो. तिचं सपान लय लांबायचं. ऊन चढायचं. फुलं मान टाकायची. हिची आई मळ्यातून वरडायची. पण मी म्हणायचो, फुलं काय, उद्या परत येतील.”

सृष्टीने पान उलटलं. तिथे तीनच ओळी होत्या.

“आजोबा म्हणाले, तिचं एक सपान तर मला अजून पाठ हाय, सांगतो. तेवढ्यात घंटा झाली. आम्ही डबा खायला गेलो.”

ती वाचायची थांबली. मग ललितने हळूच हात वर केला. “मॅडम, मग यातला मुद्दा कोणता लिहायचा?”

मंजुषाने हातातला खडू ठेवून दिला. टेबलावर मोबाइल दोनदा थरथरला, तिने तो पालथा घातला. मग ती पुढच्या बाकावर, मुलांमध्ये दाटीवाटीने बसली आणि फळ्यासमोरच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली,

“सांगा नाना. मी ऐकतेय.”