नायिकेच्या ओळी

कामिनी मॅडमचा फोन आला तेव्हा स्टेजवर अकरावं गाणं सुरू होतं आणि वसंतरावांचा नंबर तेरावा होता. पारशिवनीहून निघालेल्या मॅडमची गाडी कन्हानच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकली होती. तासभर तरी हलत नाही, म्हणाल्या. वसंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या ड्युएटसाठी सहा महिने घसा कोरडा केला, त्याची नायिकाच पुलावर बसलेली.

त्यांनी मान खाली घातली आणि लॅपटॉपवर गाणी लावणाऱ्या महादेवरावांना सांगितलं, "माझं कॅन्सल करा. चौदावं घ्या."

शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या सौभाग्यवती उत्तराबाई बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्या खुर्चीच्या टोकावर सरकल्या.

नागपूरच्या या कराओके क्लबची एक रीत होती. वार्षिक कार्यक्रमात गाणाऱ्यांनी काळं-पांढरंच घालायचं, जुन्या पडद्यासारखं. त्यामुळे बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि आत साठी उलटलेले पाच-सहा देव आनंद गळ्यात मफलर गुंडाळून, मान तिरकी करून फिरत होते. वेणीत फूल खोचलेल्या मधुबाला तर मोजता येऊ नयेत इतक्या. उत्तराबाई पोपटी साडीत आल्या होत्या. त्या ऐकायला आलेल्या ना, त्यांना कोण विचारतो.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी. वसंतराव रियाज करायचे तो कानाला हेडफोन लावून. वाजणारं सगळं त्यांच्या कानात, आणि घरात ऐकू यायचं ते त्यांचं एकट्याचं अर्धं गाणं. नायक दोन ओळी रुसायचा आणि एकदम गप्प व्हायचा. पुन्हा दोन ओळी, पुन्हा गप्प. स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या बाईनं ही शांतता किती दिवस सोसायची? गाणं रेडिओवर हजारदा ऐकलेलं, मधल्या व्हायोलिनसकट पाठ; पहिल्या महिन्यात उत्तराबाई त्या जागी नुसतं गुणगुणल्या. दुसऱ्या महिन्यात शब्द आले. तिसऱ्यापासून तर त्या नायिकेच्या ओळी खणखणीत गायला लागल्या, मुरक्यांसकट. भाजीवाला दारात थांबून ऐकायचा. नवऱ्याला मात्र पत्ता नाही.

अकरावं संपलं, बारावंही संपलं. महादेवरावांनी जाहीर करायला माइक तोंडाशी नेला आणि उत्तराबाई उठून उभ्या राहिल्या.

"थांबा, महादेवराव. कामिनीताईंचं मी गाते."

वसंतरावांनी पदर ओढला. "काहून थट्टा करून राहिली वं? दीडशे लोक बसले आहेत. माझं नाक कापलं जाईन."

"नाक तुमचं, गळा माझा," उत्तराबाई म्हणाल्या. "चला वर."

पायऱ्या चढताना त्यांना भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण भीतीपेक्षा हौस मोठी होती. इतक्या वर्षांत कुणी त्यांना 'गा' म्हटलं नव्हतं आणि आज त्या कुणाला न विचारता उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना.

म्युझिक सुरू झालं. वसंतराव पडद्यावरच्या अक्षरांना चिकटून आपल्या दोन ओळी म्हणाले, आणि सवयीनं गप्प झाले. त्या गप्प जागेत उत्तराबाईंचा आवाज आला. चांगला भरदार, थोडा खरखरीत, पण सुरात असा पक्का की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. समोशाची प्लेट हातात घेतलेल्या एका देव आनंदनं ती खुर्चीखाली ठेवली. वसंतरावांची नजर अक्षरांवरून सुटली ती बायकोवर गेली. त्यांच्या पुढच्या ओळीतले अर्धे शब्द त्यात वाहून गेले.

दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिनचा लांब तुकडा होता. इथे वसंतराव नेहमी घाई करायचे. सहा महिने रोज ते एक मात्रा आधी शिरायचे आणि सहा महिने रोज उत्तराबाई कणकेवर मूठ आपटायच्या. आताही त्यांनी श्वास भरलाच. उत्तराबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," त्या हळूच म्हणाल्या. व्हायोलिनं वर चढली, उतरली, विरली. "हं, आता."

वसंतराव बरोब्बर समेवर आले. त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. मग मात्र गाणं असं रंगलं की नायकाचा रुसवा कुठे संपतो आणि नायिकेची मनधरणी कुठे सुरू होते ते कळेना. शेवटची ओळ दोघांनी मिळून म्हटली तेव्हा वसंतराव पडद्याकडे बघतच नव्हते.

हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. नागपूरकर एकदा खूश झाला की हातचं राखत नाही. 'वन्स मोअर, वन्स मोअर' करत लोक खुर्च्या बडवायला लागले. वसंतरावांनी मफलर सारखा केला, वाकून दोनदा नमस्कार केला आणि माइक पुन्हा तोंडाशी धरला.

"तेच लावू ना, वहिनी?" महादेवरावांनी खालून विचारलं.

उत्तराबाईंनी घाम पुसला. गळा आता कुठे मोकळा झाला होता.

"ड्युएट झालं," त्या म्हणाल्या. "आता मले एकटीचं लावा. नायिकेचं."

वसंतराव माइक धरून तसेच उभे. "आणि मी काय करू?"

"तुम्ही ऐका."