दुसरा महिना

डॉक्टर अनुपमा खाटेच्या कडेला बसली तेव्हाच रत्नप्रभाला कळलं. चार दिवसांत त्या वॉर्डात कोणतीही डॉक्टरीण कुणाच्या खाटेवर बसलेली तिने पाहिली नव्हती.

"हे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"पुढचं सगळं करायला गेलेत. येतील संध्याकाळपर्यंत." डॉक्टरीण थांबली. "बाळ पहाटे गेलं, रत्नप्रभा. मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी शक्य होतं ते सगळं केलं."

रत्नप्रभा छताकडे बघत राहिली. मुलुंडच्या त्या प्रसूतिगृहात एका रांगेत बारा खाटा होत्या. तिच्याजवळचा पाळणा आयाबाईने कालच उचलून दुसरीला दिला होता.

जन्मला तेव्हा पोरगा चांगला रडला होता. दुसऱ्या दिवशी दूध ओढताना त्याचे ओठ निळसर दिसले. तिसऱ्या दिवशी नखंही निळी झाली आणि तिचा नवरा काशीराम त्याला टॉवेलात गुंडाळून टॅक्सीने शहरात घेऊन गेला. रत्नप्रभाचे टाके ओले होते. तिला खाटेवरून उठू दिलं नाही. त्याला शेवटचं कुणी पाजलं, पाजलं की नाही, तेही तिला ठाऊक नव्हतं.

"माझं काय चुकलं, बाई?"

डॉक्टर अनुपमा वयाने तिच्याहून फार मोठी नव्हती. पण या वॉर्डातून रिकाम्या हाताने घरी गेलेल्या बायकांना काय काय ऐकावं लागतं, ते तिला माहीत होतं. तिने केसपेपर उलटा केला आणि त्याच्या पाठीवर पेनाने एक हृदय काढलं.

"पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. त्याला सगळं तुमच्याकडून मिळतं, नाळेतून. फुफ्फुसांना काम नसतं, म्हणून त्याच्या रक्ताला एक आडवाट असते. ही बघा. जन्मल्यावर फुफ्फुसं चालू होतात आणि दोनतीन दिवसांत ही वाट आपोआप मिटते. सगळ्यांचीच मिटते. तुमची मिटली, माझी मिटली."

"त्याची नाही मिटली?"

"त्याचीही मिटली. पण हृदयातून फुफ्फुसांकडे जाणारी मोठी नळी त्याला मुळात घडलीच नव्हती. ती आडवाट उघडी होती तोवर तिच्यातूनच थोडंफार रक्त जात होतं. ती मिटली आणि..."

रत्नप्रभाने त्या रेघांवर बोट ठेवलं. "म्हणजे पोटात होता तोवर बरा होता?"

"अगदी बरा होता."

पलीकडच्या खाटेवरचं मूल रडायला लागलं. रत्नप्रभाची छाती भरून आली, पोलकं ओलं झालं. तिने पदर ओढून घेतला.

"आणि एक नीट ऐका," डॉक्टरीण जरा पुढे झुकली. "घरी कुणी म्हणेल जड उचललंस, कुणी म्हणेल हे खाल्लंस, ते खाल्लंस. मनावर घ्यायचं नाही. या नळ्या घडतात दुसऱ्या महिन्यात. तेव्हा बाईला दिवस गेलेत हेसुद्धा धड कळलेलं नसतं. त्यानंतर तुम्ही काय केलंत, काय नाही, त्याने काही फरक पडत नाही."

"दुसऱ्या महिन्यातच?"

"हो."

"नक्की?"

"अगदी नक्की," डॉक्टरीण म्हणाली. तिने रत्नप्रभाचा हात थोपटला आणि समाधानाने उठली.

ती गेल्यावर रत्नप्रभा बोटांच्या पेरांवर मागे मागे गेली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. अंगठा फेब्रुवारीवर येऊन थांबला.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सूर्यग्रहण होतं. भांडुपची अख्खी चाळ दारं-खिडक्या लावून बसली होती. लोकांनी बाहेर पडू नये म्हणून टीव्हीवर मुद्दाम सिनेमा लावला होता आणि सगळ्या बायका शेजारच्या सोनूबाईंच्या खोलीत दाटीवाटीने तो बघत होत्या. पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते, पण रत्नप्रभाने कुणाला सांगितलं नव्हतं. तिची स्वतःचीच खात्री नव्हती. मधेच तिला आंबट खावंसं वाटलं. इतकं, की राहवेना. ती गुपचूप उठून आपल्या खोलीत आली. खिडकीच्या फटीतून येणारा उजेड राखेसारखा झाला होता. तिने विळी मांडली आणि कैरी चिरली. मीठ लावून एकटीने सगळी खाल्ली. मग विळी धुऊन जागेवर ठेवली आणि परत जाऊन सिनेमा बघत बसली.

कुणी पाहिलं नव्हतं. आजवर कुणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरणीला हाक मारावी, विचारावं, असं तिला वाटलं. पण डॉक्टरीण पार टोकाच्या खाटेशी पोचली होती, कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होती.

संध्याकाळी काशीराम आला. त्याच्या नखांत माती होती. तो स्टुलावर बसला.

"डाक्टरीण भेटली माका," तो म्हणाला. "तुझी काय एक चूक नाय म्हणता. दुसऱ्या म्हयन्यातच ठरलेला आसता ह्या सगळा. माझ्या आयेक पण मी तसाच सांगितलंय. कोण तुका बोलूचा नाय."

"होय," रत्नप्रभा म्हणाली. "मी मोजून बघितलंय."

त्याने मान हलवली आणि तिच्या पायांवरची चादर नीट केली.