मधल्या दारातली भिंत

"बाई, उठा. दार बुजवाचं आहे."

चंद्रभान मिस्त्री थापी घेऊन उभा होता आणि कौसल्या मधल्या दाराच्या उंबरठ्यावर बसून होती. उठायचं तिच्या मनात नव्हतं.

नंदनवन वस्तीतल्या त्या घराच्या पुढच्या भागात ती आणि तिचा नवरा गोविंदा राहायचे. मागच्या भागात धाकटा दीर विश्वनाथ आणि त्याची बायको शामला. महिन्यापूर्वी सासरे धंतोलीच्या एका दवाखान्यात होते. घरी न्या, असा त्यांनी हट्ट धरला. विश्वनाथने आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले. गोविंदा रेल्वेत गार्ड. तार हातात पडेपर्यंत सारं आटोपलं होतं. बापाचं तोंडही दिसलं नाही. तेरवीला साऱ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला, "याचा माह्याशी संबंध संपला. मधलं दार चुनून टाकतो."

गोविंदा एकदा बोलला की बोलला. आज पहाटे ड्यूटीवर निघताना, मिस्त्री येईल, एवढंच सांगून गेला.

"भाऊ, शामलाले आठवा महिना आहे," कौसल्या म्हणाली. "पहिलं लेकरू पोटातच गेलं तिचं. नवरा दिवसभर मिलमध्ये. हे बंद झालं तं मले पुरा वळसा घालून मागच्या गल्लीत जा लागते. तिनं हाक मारली तं ऐकू तरी येईन का?"

चंद्रभानने डोकं खाजवलं. बाहेर जाऊन सायकलवरून एक गुंडाळी घेऊन आला आणि उलगडली. विटांच्या नक्षीची शीट होती. चटईसारखी वाकणारी, हाताला हलकी, वरून खरखरीत. सांध्यांना सिमेंटचा करडा रंगसुद्धा.

"आजकाल दवाखान्यांत दार लपवाले लावून राह्यलो हे," तो म्हणाला. "मागं प्लायवूडचं दार, वरून ही वीट. ढकललं का उघडते. पण दादानं ठोकून पाह्यलं तं?"

"दोष माहा. तुमचं नाव नाही घेत मी."

संध्याकाळपर्यंत भिंत उभी झाली. बिजागऱ्या शामलाच्या बाजूला.

तिसऱ्या दिवशी गोविंदा आला. चार हात लांब उभा राहून त्याने पाहिलं. कौसल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बरी झाली," तो म्हणाला.

त्यानंतर तो भिंतीकडे पाठ करूनच जेवायला बसे. तो ड्यूटीवर गेला की कौसल्या भिंत ढकलून पलीकडे जाई, शामलाचे सुजलेले पाय चेपी, दोन घास भरवी आणि परत येऊन भिंत लावून घेई. नवऱ्याला फसवून राह्यली मी, हे मात्र तिला आत कुठेतरी टोचत राही.

सव्वा महिन्याने, एका दुपारी गोविंदा ताटावर होता. पलीकडून शामला किंचाळली, "ताई!"

कौसल्या क्षणभर थबकली. मग नवऱ्यासमोरच तिने भिंत ढकलली आणि मागे न पाहता आत शिरली. शामला जमिनीवर पडली होती, साडी ओली. तिला धरून धरून मागच्या गल्लीत आणलं, तर दारात सायकलरिक्षा उभी. कोणी आणली, हे विचारायला वेळ नव्हता.

धंतोलीच्या दवाखान्यात तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप. विश्वनाथ मिलमधून धावत आला. गोविंदा काही फिरकला नाही.

सकाळी कौसल्या घरी परतली, तेव्हा चंद्रभान मधल्या दारातली शीट उचकटत होता आणि गोविंदा शेजारी उभा होता. आता खऱ्या विटा येणार.

तिने नवऱ्याचे पाय धरले. "मी फसवलं तुमाले. या भाऊची काही चूक नाही. पण भिंत नका बांधू हो. पोरगी झाली आहे. मामंजींचं नाक घेऊन आली."

 गोविंदाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

चंद्रभानने हातातली पक्कड खाली ठेवली. "दादा, आता तरी सांगा बाईले. खरी वीट या घरात आणू नको म्हून तुमीच मले पहिल्या दिवशी बजावलं होतं, अन् आज दार मोकळं कराले बोलावलं."