दहापर्यंत मोज

यंत्र तोंडासमोर धरायचं, "दहापर्यंत मोज" म्हणायचं. चालक मोजतो, आणि दारू असली तर यंत्राला वास लागतो. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण सीनियर कॉन्स्टेबल रस कीओ गेले दोन महिने ते करत नव्हता. तो येईल त्याला थेट नळी लावायचा आणि म्हणायचा, "फुंक." नळी खरं तर मोजताना सापडलेल्यांसाठी असते, नेमका आकडा काढायला.

सोमवारी सकाळी, ऐन शाळेच्या वेळेला, गव्हाच्या कोठारांसमोर नाकाबंदी लागली आणि नळ्यांचा डबा रिकामा निघाला.

"महिन्याच्या नळ्या आठवड्यात?" सार्जंट नोरीन बर्क म्हणाली. "खातोस की काय?"

"सगळं गाव पितं, सार्ज. मी काय करू?"

"माझ्या खिशात चार आहेत, त्या सापडलेल्यांना. बाकीच्यांना मोजायला लाव, मुकाट्यानं."

रसनं यंत्र हातात घेतलं. पिण्याबद्दल मात्र तो खोटं बोलत नव्हता. शनिवारी आमच्या संघानं फायनल मारली होती आणि गाव अजून शुद्धीवर यायचं होतं.

पहिलीच गाडी डॅरिल पेटिटची. मागच्या सीटवर त्याची सात वर्षांची एल्सी, शाळेच्या गणवेशात, मांडीवर डबा घेऊन.

"काय रे, फायनलला फिरकला नाहीस? भाव खातोस होय?"

"ड्यूटी होती. दहापर्यंत मोज, डॅरिल."

"एक, दोन, तीन, चार..."

मागून एल्सीनंही सूर धरला, बापापेक्षा मोठ्यानं. "पाच! सहा!"

"बस," रस म्हणाला. त्यानं यंत्र खाली घेतलं. "झालं. जा."

"अरे, पण दहा कुठे..."

"जा म्हणतो ना!"

डॅरिल कशाला थांबतोय! त्यानं गाडी काढली. नोरीन वीस पावलांवर उभी होती. सप्टेंबरातल्या त्या गार सकाळी रसच्या मानेवरून घाम ओघळताना तिला दिसला, आणि ती हात वर करून सरळ गाडीच्या आडवी गेली. डॅरिलला तिनं दहापर्यंत मोजायला लावलं. मग नळी लावली. आकडा मर्यादेच्या दुपटीच्या वर गेला.

तिनं चावी काढून घेतली. मागून येणारी शाळेची बस थांबवून एल्सीला तिच्यात बसवलं.

"च्यायला, रसनं सोडलं होतं की मला!" डॅरिल ओरडला. बसमधल्या सगळ्या पोरांनी ते ऐकलं.

"तू इथून हलू नकोस," नोरीन त्याला म्हणाली. "रस, गाडीत बस."

दोघं पोलीस गाडीत बसले. तिनं वही काढली.

"लिहिणार आहेस?" रसनं विचारलं.

"पुढे रेल्वेचं फाटक आहे, रस. मागे पोरगी होती."

"पोरगी मोजत होती, नोरीन."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यानं ड्यूटीवर तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. जुलैमध्ये याच रस्त्यावरच्या अपघाताला नोरीन पोचली तेव्हा रस डांबरावर गुडघे टेकून एका लहान मुलीची छाती दाबत होता, मोठमोठ्यानं आकडे मोजत. "सरक, पुढचं मी घेते," ती म्हणाली होती. पण तो सरकला नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, चाळीस मिनिटं, त्यानं नोरीनला हात लावू दिला नाही. पोरगी काही वाचली नाही. मग त्याची विचारपूस करायला शहरातल्या मुख्यालयातून कुणीतरी फोन केला, रसनं "मी ठीक आहे" म्हणून तो ठेवला, आणि 'कामासाठी ठीक' असं कागदावर नोरीननंच लिहून टाकलं. दोघांच्या ठाण्यात दुसरा माणूस तिला कुठून मिळणार होता?

"लिहिलंस तर पिस्तूल काढून घेतील," रस म्हणाला. "मग बदली. मग ठाण्याचं घर खाली करा. बायकोनं आत्ता कुठे परसात लिंबू लावलंय. काय सांगू तिला?"

"त्या दिवशी कितीपर्यंत मोजत होतास?"

"तीस. मग दोन श्वास. मग परत एकपासून."

"असं किती वेळा?"

त्यानं काचेतून रस्त्याकडे बघितलं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "अजून थांबलोच नाहीये."

नोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बाहीनं पुसलं आणि ती लिहायला लागली. एक ओळ झाल्यावर वही त्याच्यापुढे धरली. डॅरिलचं नाव त्यात नव्हतं, रसचं चुकलं असंही नव्हतं. लिहिलं होतं, 'जुलैमध्ये सीनियर कॉन्स्टेबल कीओ ठीक आहे असं मी लिहिलं. ते खोटं होतं.'

रसनं ते दोनदा वाचलं.

"आता तरी सरक, रस," ती म्हणाली. "पुढचं मी घेते."

रसनं कमरेचं बक्कल सोडलं, पिस्तुलासकट पट्टा काढला आणि तिच्या हातात दिला.