पुढचं सांगायचं नाही

टाउनो घरामागे लाकडं रचत होता. आर्वोची गाडी आली, दार आपटलं, खडीवर पावलं करकरली, तरी त्याने मान वर केली नाही. बारा वर्षांनी सख्खा धाकटा भाऊ दारात आला म्हणून हातातलं काम टाकावं, असं काही त्याला वाटलेलं दिसलं नाही.

आर्वोच्या काखेत विटेएवढं जाड पुस्तक होतं. ‘नऊ घाट’ या कादंबरीमालेचा सातवा खंड.

“आला म्हणायचा एकदाचा,” टाउनो पुस्तकाकडे बघून म्हणाला. “मला वाटलं, लिहिणारा गेला.”

“तुझ्यासाठी आणलाय.”

“मला काय करायचाय? माझा सहावाच अर्धा राहिलाय.”

“मग पुरा कर की.”

“कशाला? त्यातला ओर्टविन मेला ना! तूच सांगितलंस.”

आर्वोला हे ऐकावं लागणार, हे ठाऊकच होतं. तरी ते छातीत बसलंच.

लहानपणापासून दोघांत मिळून एकच प्रत यायची. आर्वो भराभर वाचणारा, टाउनो ओठ हलवत दिवसाला दहा पानं. म्हणून नेम ठरला होता: पुढचं सांगायचं नाही. तीस वर्षं आर्वोने तो पाळला. कोण फितूर, कोण कुणाचा बाप, सगळं पोटात ठेवून तो थोरल्याच्या तोंडाकडे बघत बसायचा, आणि टाउनो त्या पानाशी पोचून ओरडला की त्याला स्वतः वाचण्यापेक्षा जास्त मजा यायची.

मग ती तळ्याकाठच्या सुट्टीतल्या घरातली दुपार आली. टाउनोची बायको त्याच महिन्यात घर सोडून विनिपेगला गेली होती. तो दिवसभर सहावा खंड मांडीवर घेऊन बसायचा आणि म्हणायचा, “ओर्टविन नावाडी जिवंत आहे तोवर माझं बरं चाललंय.” भांडण निघालं ते शेगडीच्या धुराड्यावरून. त्यात टाउनो बोलून गेला, बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू कुठे होतास? आर्वोने आजूबाजूला बघितलं, याला कुठे लागेल ते शोधलं, आणि सांगून टाकलं. नुसतं ओर्टविन मरतो म्हणून नाही, कसा बुडतो तेही.

टाउनोने पुस्तक मिटलं आणि तो निघून गेला. पुस्तकातल्या माणसापायी भावाभावांत अबोला, म्हणून सगळी आळी हसली. आर्वो कधी हसला नाही. घाव कुठे बसेल ते बघूनच त्याने घातला होता.

त्यानंतर त्यालाही ती पुस्तकं हातात घ्यावीशी वाटली नाहीत. सातवा यायचा म्हटल्यावर मात्र त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. सगळा हिवाळा त्यात गेला. बारा वर्षांत पात्रांची नावंसुद्धा पुसट झाली होती, पण टाउनो कुठे ओरडला होता ते पान न् पान आठवत होतं. आणि परवा, सातव्या खंडात, नदीच्या खालच्या अंगाला, धुक्यातून एक होडी आली आणि वल्ही मारत होता ओर्टविन. जिवंत. आर्वो स्वयंपाकघरात खुर्ची पाडून उभा राहिला. ही बातमी सांगावी असा जगात एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच सांगायची सोय नव्हती.

“वाच तर खरं,” तो आता म्हणाला.

“मेलेल्याच्या मागे आठशे पानं वाचून काय हशील?”

आर्वोने तोंड उघडलं. मिटलं.

“काय?”

“काही नाही.”

“बोल ना. तेव्हा बरी चुरूचुरू चालली होती जीभ.”

आर्वो खाली लाकडाच्या ढलप्यांकडे बघत राहिला. कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्याचं त्याला कळत होतं, पण कानांना कोण काय करणार? टाउनोचा हात लाकडासकट थांबला.

“नाही,” टाउनो म्हणाला. “छे! साखळदंड होते त्याच्या पायात. तूच सांगितलंस.”

“मी एक शब्द बोललेलो नाही!”

“तुझे कान बोलले, गाढवा!” त्याने लाकूड ढिगावर भिरकावलं. “पुन्हा सांगितलंस! आणि तेव्हाचं, ते खोटं होतं?”

“तेव्हा मेलाच होता रे तो. सगळ्यांनाच तसं वाटलं. मला काय ठाऊक?”

टाउनो ओंडक्यावर मटकन बसला. आर्वोने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. दाढी पार पांढरी झाली होती.

“बारा वर्षं,” टाउनो म्हणाला, “बारा वर्षं मी त्याला मेला म्हणून सोडून दिला होता. आणि तुलाही.”

“तुला दुखवायचं म्हणूनच बोललो होतो मी.”

“ते काय मला कळलं नव्हतं?”

येताना गाडीत आर्वोने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य धड आठवेना. त्याने पुस्तक रचलेल्या लाकडांवर ठेवलं, पानं ओली होऊ नयेत म्हणून खाली आपली टोपी घातली, आणि तो निघाला. मागून ना हाक, ना पाऊल. मनात आलं, संपलं हे. आणि एवढ्या मोठ्या माणसाला रडू फुटायची वेळ आली.

गाडीचं दार उघडून त्याने एक पाय आत घातला, तेवढ्यात घरामागून आवाज आला. घोगरा, रागातलाच.

“आर्वो!”

“काय?”

मग टाउनोने विचारलं,

“कितव्या पानावर?”