पहिली फेरी

लीड्सच्या मराठी मंडळाच्या हॉलबाहेर गाडीची पूजा झाली, नारळ फुटला आणि शशांकदादांनी त्याला विकलेल्या आपल्या जुन्या गाडीची किल्ली परीक्षितच्या हातात ठेवली. "साधा ओरखडाही नाही रे हिला. आपल्या माणसाला मी फसवीन का?"

विमा उतरवायला परीक्षितने कोपऱ्यात जाऊन फोन लावला. पलीकडच्या मुलीने अतिशय मृदू आवाजात नकार दिला: एका मोठ्या अपघातानंतर ही गाडी मोडीत काढलेली होती, सांगाड्यालाच इजा झाली होती. भांडण त्याला कधीच जमलं नव्हतं.

मग तो प्रसाद घेणाऱ्या घोळक्यात परतला आणि दादांच्या मुलीसाठी त्याने गाडीचं दार उघडून धरलं. "आसावरी, तुला युनिव्हर्सिटीत परतायचंय ना? चल, पहिली फेरी तुझी. मोटरवेने थेट लेस्टरला सोडतो."

आसावरी हसत पुढच्या सीटवर बसली. तिने पट्टाही लावला.

"आसू, उतर खाली!" हातातले पेढे टाकून दादा धावले. "मोटरवेवर नको! दोन तुकडे जोडून उभी केलीय ती गाडी!"

किल्ली अजून परीक्षितच्या खिशातच होती.

 

"दादा," तो हळूच म्हणाला, "मग सकाळी माझ्या तनिषाची बेबी सीट मागे इतक्या मायेने तुम्हीच का बसवून दिलीत?"