राहण्याचा पत्ता

"नाही हो जमणार आमच्याकडे," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. "घरात मुली आहेत."

"तुमचा दादा म्हणजे देवमाणूस, असं तुम्हीच लिहून दिलंय ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"आहेच देवमाणूस. पण मुली आहेत ना घरात." आणि त्यानं फोन ठेवला.

वकीलबाईंनी कोर्टाच्या जिन्यातच बसकण मारली. पाय नुसते भरून आले होते. अशिलाच्या बहिणीनं 'नवऱ्याला चालायचं नाही' म्हणून अंग काढून घेतलं होतं. कामावरच्या मित्रानं आधी 'बोला, बोला' केलं आणि जागेचा विषय निघताच त्याला फोनवर काही ऐकूच येईना. या माणसानं बायकोवर हात उचलणं शक्यच नाही, असं सगळ्यांनी सही करून दिलं होतं. पण घरात ठेवून घ्या म्हटलं, की एकेकाची दातखीळ बसत होती.

अशील फरशी बसवणारा कारागीर. बायकोचं मनगट मोडल्याचा आरोप होता आणि गेले आठ दिवस तो कोठडीत होता. राहत्या घरात पाय ठेवायला त्याला मनाई होती. ते घर बायकोसाठी राखलं होतं, पण तिथं एकटीनं राहायची तिची छाती होईना. ती कुठंतरी लपून राहिली होती. कुठं, ते बंद पाकिटात न्यायाधीशांकडे होतं. अशिलाला ते कळायचं नव्हतं, त्याच्या वकिलालाही नाही. त्यानं दुसरीकडे राहण्याचा पक्का पत्ता दिला तर आज जामीन, नाही तर खटला उभा राहीपर्यंत आत.

बावीस वर्षं बाई असल्याच माणसांची वकिली करत होत्या. काही बिचारे खरोखर निर्दोष असायचे, काही पक्के बेरड. "झोप कशी लागते गं तुला?" नणंद विचारायची. लागायची की! दमलेल्या माणसाला काय धाड भरलीय?

त्यांची एक सवय होती. जामिनाच्या अर्जात त्या आईचा पत्ता आधीच टाइप करून ठेवायच्या आणि आईला नंतर विचारायच्या. आया रडायच्या, पोराला चार शिव्या हासडायच्या आणि मान डोलवायच्या. एकीनंही कधी नाही म्हटलं नव्हतं. आज मात्र सकाळी पहिला नकार आला तो आईचाच.

ती समोरच्या बाकावर बसली होती. सत्तरी गाठलेली, चपला पायातून काढून ठेवलेल्या. बाई उठून पुन्हा तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"अहो आई, फक्त चार महिन्यांचा प्रश्न आहे."

"नको."

"तो निर्दोष आहे असं तुम्हीही लिहून दिलंय."

"दिलं. मुलगा आहे माझा."

"मग आता काय झालं? त्यानं कोठडीत सडत पडायचं का?"

बाईंचं डोकं उठलं. या घराण्यात सह्या करायला सगळे पुढे, आणि निस्तरायला मी एकटी! पत्त्याखाली आईची सही लागतेच असं काही नव्हतं. टाइप केलेला अर्ज हातात तयार होता. एकदा पोरगा दारात येऊन उभा राहिला, की कुठली आई त्याला बाहेर ठेवते? विरघळेल आपोआप.

शिपायानं पुकारा केला. बाई उठल्या. तेवढ्यात म्हातारीनं त्यांचा काळा कोट मागून घट्ट धरला.

"त्या कागदावर माझा पत्ता आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"खोडा तो." म्हातारीनं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "पाकिटातला पत्ता माझाच आहे, बाई. सून माझ्याकडे आहे."

बाई मागं वळल्या. "हे मला कशाला सांगितलंत? मी त्याची वकील आहे हो."

"न सांगून चाललं असतं का?"

शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं. बाई आत गेल्या.

"राहण्याचा पत्ता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आईकडे राहीन की, साहेब!" फरशीवाला पिंजऱ्यातून ऐटीत म्हणाला. "आई काय नाही म्हणणार आहे?"

न्यायाधीशांनी पाकीट बघून हा पत्ता नाकारला असता, तरी त्याला सगळं कळून चुकलं असतं. वकीलबाईंनी पेन काढलं आणि टाइप केलेल्या दोन ओळींवर काट मारली.

"पत्ता मिळालेला नाही, साहेब. त्याच्या आई त्याला ठेवून घ्यायला तयार नाहीत."

तो आधी हसला. मग त्यानं मागं वळून पाहिलं. म्हातारी दाराशी उभी होती, तिनं मान खाली घातली.

"असली कसली गं तू आई?" तो ओरडला. "वैरीण आहेस वैरीण!"

पोलिसांनी त्याला धरून नेलं. जिना उतरून खाली जाईपर्यंत त्याचा आवाज येत राहिला. म्हातारीनं तो सगळा ऐकून घेतला.

बाई बाहेर आल्या तेव्हा ती बाकाशी वाकून चपला घालत होती. इतकी वर्षं वकिली केली, पण असा जामीन घालवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि तो गेल्याचं बरं वाटेल असंही कधी वाटलं नव्हतं.

म्हातारीनं पिशवीतून घडी घातलेला एक जाड स्वेटर काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"तेवढा त्याला पोचवा, बाई. सकाळी निघतानाच घेऊन निघाले होते. त्याला थंडी अजिबात सोसत नाही."